पोपट कुणाच्या ताटात जेवतो

पोपटाला काय आवडतं, हे गावातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते फक्त पोपटाला. हे ज्ञान मला ज्या वर्षी झालं, त्या वर्षापर्यंत मी एक सुखी मास्तर होतो. तळोद्याहून तापीकडे उतरणाऱ्या गाडीवाटेवर आमचं गाव, गावात लोकल बोर्डाची शाळा, शाळेत एकच खोली, त्या खोलीत चार इयत्ता आणि चारही इयत्तांपुढे छडी घेऊन मी. व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस आसपासच्या गावांत दुसरा नव्हता. लोक मला वाटेत थांबून रामराम करत आणि मी तो मान हलवून स्वीकारत असे. त्या मान हलवण्यालाच बहुधा दृष्ट लागली.

झालं असं, की वैशाखातल्या एका वावधानात शेजारच्या चुनीलालभाईंच्या अंगणातला निंब गदगदा हलला आणि त्याच्या ढोलीतलं पोपटाचं पिल्लू खाली पडलं. पडलं ते त्यांच्या अंगणात. पण दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीत पाणी जायला एक भोक आहे, त्यातून सरपटत ते आमच्या अंगणात आलं आणि माझ्या बायकोच्या, मंगलाच्या, पायाशी येऊन पडलं. तिने ते पदरात उचललं, कापसाच्या पेळूने त्याच्या चोचीत पाणी सोडलं आणि जगवलं. म्हणजे पडला त्यांच्याकडे आणि जगला आमच्याकडे. अशा पोपटाचा मालक कोण, यावर कोर्टात वर्षानुवर्षं घालवता आली असती. आमच्या गावात कोर्ट नसल्यामुळे ते काम ओट्यावर झालं.

चुनीलालभाई म्हणजे तापीकाठी केळीचे मळे असलेले गुजर शेतकरी. माणूस मनाने मोकळा, पण वाद घालायची भारी हौस. त्यांच्या बायकोला, जसोदाबाईंना, दारात बोलका पोपट हवा होता. निवाडा करायला माझे चुलते दोधूकाका बसले. आमच्या भाऊबंदकीत काकांच्या शब्दापुढे कुणी जात नाही, काका स्वतःसुद्धा नाहीत.

"मास्तरभाई," चुनीलाल म्हणाले, "तुम्ही ते शिकाडनारा माणूस. कानबाईना सोमवारलगून ह्या पोपटले बोलता करा. बोलना, ते तुमना. नही बोलना, ते मन्हा."

"मंजूर!" मी म्हणालो. इतका पटकन म्हणालो, की काकांना निवाडा द्यायला जागाच उरली नाही आणि ते जरा हिरमुसले. श्रावणातला कानबाई देवीचा सण तेव्हा फार लांब वाटत होता. शंभर पोरांना बाराखडी घोकवणाऱ्या माणसाला एका पाखराकडून एक शब्द वदवून घेणं ते काय?

घरात आलो तर मंगला चुलीपुढे बसलेली. तिने वर पाहिलं नाही.

"चुनीलालभाई त्याले लई ग्यात, ते मी काय करसू?" एवढंच ती म्हणाली.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. माझी आई, भिकुबाई, याबद्दल तोंडाने कधी काही बोलली नाही, मंगलाही बोलली नाही, आणि मी तर शाळेत इतक्या पोरांचा गलका ऐकून येत असे की घरातली शांतता मला बरी वाटते असं स्वतःला सांगत असे. पण पिल्लू आल्यापासून मंगला दिवसभर कुणाशी तरी बोलत होती. ते मला ऐकायला फार आवडत होतं. आणि तेच मी ओट्यावर बसून मोठ्या तोऱ्यात पणाला लावून आलो होतो. माझा चेहरा खर्रकन उतरला, पण तो उतरलेला दिसू नये म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

तळोद्याच्या वाचनालयात एका जुन्या मासिकात मला पक्ष्यांच्या शिक्षणावर लेख सापडला. लेखक म्हणत होता की पक्ष्याला छडी उपयोगी नाही. प्रत्येक यशानंतर लगेच त्याला त्याचा सर्वांत आवडता खाऊ द्यावा, आणि तो खाऊ कोणता हे निरीक्षणाने ठरवावं. मला हे वाचून जरा धक्काच बसला. आमच्या शिक्षणपद्धतीत विद्यार्थ्याला काय आवडतं हा प्रश्न कुठल्याच परीक्षेत आलेला नाही. पण कुतूहल वाईट. घरी येताना माझ्या डोक्यात लेख घोळत होता: खरंच, याला आवडत असेल तरी काय?

ही गोष्ट मी स्वतःपाशीच ठेवायला हवी होती. ती मी ओट्यावर बोललो.

"मिरची," जसोदाबाई भिंतीपलीकडून ठामपणे म्हणाल्या. "मिरचीघाई जीभ पातय व्हस. पातय जीभनाच पोपट बोलस." स्वतःला पोपट मिळावा अशी इच्छा असलेली बाई मला पोपट बोलवायचा उपाय सांगत होती. पण सल्ला द्यायची संधी आली की माणूस स्वतःचं नुकसान पाहत नाही. मी परसातली हिरवी मिरची तोडून पोपटापुढे धरली. त्याने ती सोलून आतलं बी तेवढं खाल्लं आणि साल माझ्या हातावर टाकलं. त्याच हाताने मी डोळा चोळला. त्या दिवशी तिसरी आणि चौथी इयत्ता मी एकाच डोळ्याने शिकवली.

चुनीलालभाईंनी मळ्यातल्या केळ्यांचा फणाच पाठवला. "केळूपुढे पोपट ऱ्हास का?" पोपट न खाता राहिला. त्याने केळ्याला चोच पुसली. दोधूकाका म्हणाले, "उपाशी ठेव. भूक लागनी का आपेआप बोली." हा सल्ला काका पोरं, बैल आणि सालदार सगळ्यांनाच देतात. मंगलाने तो ऐकला आणि त्या दिवसापासून काका ओट्यावर आले की ती पोपटाला आत नेऊन ठेवू लागली.

मी मात्र पद्धतशीर माणूस. पडवीत मातीच्या पणत्या ओळीने मांडल्या. एकीत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, एकीत भुईमुगाचे दाणे, एकीत बाजरी, एकीत जांभळं, एकीत गूळ. शाळा सुटली की चष्मा लावून मी समोर पालथा पडून निरीक्षण करी. सोमवारी पोपटाने दाणे खाल्ले. "दाणे!" मी जाहीर केलं. मंगळवारी त्याने दाण्यांकडे पाठ फिरवून बाजरी वेचली. बुधवारी तो पणतीच कुरतडत बसला. जे एक दिवस आवडलं ते दुसऱ्या दिवशी नावडतं, आणि त्याला काही नियमच दिसेना. वाटेत लोक रामरामाऐवजी "मास्तर, आज काय खाधं पोपटनी?" विचारू लागले. मान हलवून हा प्रश्न स्वीकारता येत नाही.

शब्द कोणता शिकवायचा यावरही घरात मतभेद होते. मी "या, बसा" ठरवला होता. आई म्हणाली, "'बठा' म्हणाले काय व्हस?" मी तिला शुद्ध भाषेचं महत्त्व समजावून दिलं. "त्यानी माय कोनती भाषा बोले?" तिने विचारलं. यावर लेखात काही नव्हतं.

पोरांच्या घोकण्याने त्याला चेव येईल म्हणून एकदा मी पोपटाला शाळेत नेलं. चारही इयत्ता एका सुरात "या, बसा" म्हणू लागल्या. पोपट खिडकीत बसून किंचाळला. पोरांना ते जास्त आवडलं आणि अख्खी शाळा पोपटासारखी किंचाळू लागली. नेमके त्याच वेळी डिपुटीसाहेब तपासणीला दारात उभे! "हा विषय अभ्यासक्रमात कधीपासून?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, निसर्गनिरीक्षण. साहेबांनी पोपटाकडे पाहिलं, पोपटाने साहेबांच्या टोपीकडे पाहिलं, आणि त्यापुढे टोपीवर जे झालं ते मी इथे सांगत नाही. पुढे वरून विचारणा आली: शाळेत ठेवलेला पक्षी शिकण्यासाठी आहे की शिकवण्यासाठी, याचा खुलासा करावा. तो खुलासा मला अजून सुचलेला नाही.

शेवटी शोध लागला तो मी निरीक्षण करत नसताना. आषाढात एका दुपारी मंगला भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात बसली होती. पोपट तिच्या गुडघ्यावर. ती एक घास खाई, एक कोर त्याला देई, आणि तो डोळे मिटून खाई. मी धावत जाऊन पणतीत भाकरी घातली. तीच भाकरी, त्याच तव्यावरची. पोपटाने पणतीकडे ढुंकून पाहिलं नाही. मी पणतीतली कोर उचलून मंगलाच्या ताटात ठेवली आणि तो लगेच ती घ्यायला वाकला.

इतके दिवस मी काय आवडतं ते शोधत होतो, आणि प्रश्न 'काय' हा नव्हताच! त्याला घरातलं माणूस जे खातंय ते हवं होतं, त्याच ताटातलं, त्याच वेळी. ज्या सोमवारी त्याने दाणे खाल्ले त्या सोमवारी आई शेजारी दाणे फोडून खात बसली होती. मंगळवारी मंगला बाजरी पाखडता पाखडता तोंडात टाकत होती. पणती कुरतडली त्या दिवशी आईचा उपास होता. सगळा नियम डोळ्यांसमोर होता आणि मी पालथा पडून पणत्या बघत होतो.

आता खाऊ सापडला, पण भलतीच पंचाईत झाली. पोपटाला बक्षीस द्यायचं तर मला जेवत बसावं लागे. नुसतं तोंड हलवून मी त्याला फसवायला गेलो, तर त्याने मान वाकडी करून माझ्या तोंडात डोकावून पाहिलं आणि निघून गेला. म्हणजे खरंच खायचं! "या, बसा" म्हणायचं, एक घास मी, एक घास तो. संध्याकाळभर हे चाले. माझी बाराबंदी पोटावर बसेना.

"पोपट शिकी ऱ्हायना, का तू जेवी ऱ्हायना?" आई म्हणाली.

पण उपयोग होत होता. श्रावण लागता लागता पोपट घास घेण्याआधी घशात काहीतरी घोळवू लागला. 'या' नव्हे, पण 'या'च्या फार जवळचं. मंगला रोज सकाळी मला विचारी, "आज बोली ना?" आणि मी उद्यावर ढकलून म्हणे, "आज नही ते सकाय." त्या दिवसांत आम्ही दोघं इतकं बोललो, की लग्नानंतर एवढं कधी बोललो नव्हतो.

आणि कानबाई आली.

आमच्याकडे कानबाईचा रोट, तिचा नैवेद्य, म्हणजे थट्टा नाही. घरातल्या प्रत्येक पुरुषामागे ठरलेल्या मुठी मोजून गहू घ्यायचे, ते घरीच दळायचे, त्याच्या पुरणपोळ्या, खीर आणि सोबत गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी. रोट संपेपर्यंत घरात दुसरं काही शिजवायचं नाही, आणि रोटाचा कणही परक्या कुळातल्या माणसाच्या तोंडात जाता कामा नये. जिवाभावाचा शेजारी असला तरी नाही. लेक लग्न होऊन गेली की तिलाही नाही. चुनीलालभाई हे सगळं जाणून त्या दिवसांत आमच्या उंबऱ्याआत येत नसत.

रविवारी दुपारी ताटं वाढली. पोपट नेहमीसारखा मंगलाच्या गुडघ्यावर येऊन बसला आणि ताटाकडे वाकला. मंगलाचा हात अर्ध्यावर थांबला. तिने आईकडे पाहिलं, आईने माझ्याकडे, मी काकांकडे. रोटाला काका आमच्याच पंगतीत असतात. मग माझ्या डोक्यात उजेड पडला की कानबाईचा सोमवार मुदत म्हणून मान्य करताना मी किती मोठा गाढवपणा केला होता.

"काका, पोपटाला घास चालेल ना?" मी विचारलं.

काका तयारच होते. "पोपट कोना शे?"

"ते उद्या ठरायचंय."

"मंग आज तो चुनीलालना बी शे. परका कुळना. रोट चालाव नही."

"पण घास दिल्याशिवाय तो बोलणार नाही."

"बोलना, ते आपला व्हई. आपला व्हयना, ते रोट चाली. पहिले बोलू दे."

"पण रोट मिळाल्याशिवाय…"

"मंग नियम काय चुकना?" काका म्हणाले आणि खिरीची वाटी तोंडाला लावली. नियम चुकला नव्हताच. मी आयुष्यभर सरकारी कागदांना उत्तरं देत आलेला माणूस, इतका निर्दोष नियम मी पाहिला नव्हता.

मी पोपटापुढे दाणे टाकले. त्याने दाण्यांकडे पाहिलं, मग आमच्या ताटांकडे पाहिलं आणि उठून आढ्यावर जाऊन बसला. रविवारभर तो खाली आला नाही. घशातलं ते 'या'सारखं काहीतरी बंद झालं. सोमवारी सकाळी गावासोबत वाजतगाजत कानबाई नदीवर पोचवून आलो, तरी हा तसाच आढ्यावर, पिसं फुगवून. मंगलाने स्वतःच्या ताटातही दोन घासांच्या वर काही घेतलं नाही. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त स्वतःची चीड आली. आम्ही जेवायला बसलो की आमच्यासोबत जेवावं, एका पाखराला एवढंच हवं होतं, आणि तेवढंच आम्ही त्याला देऊ शकत नव्हतो.

संध्याकाळी पंगत बसली असतानाच चुनीलालभाई आणि जसोदाबाई ओट्यावर आले. चुनीलालभाईंच्या हातात नवाकोरा पिंजरा होता.

"मास्तरभाई, बोलना का?"

मास्तरकी सुरू केल्यापासून मला कधी इतका छोटा प्रश्न इतका जड गेला नाही. "नाही," मी म्हणालो.

चुनीलालभाईंचा चेहराही फारसा खुलला नाही. पण शब्द दिला होता आणि काका साक्षीला होते. त्यांनी उंबऱ्याबाहेरूनच पिंजऱ्याचं दार उघडून धरलं. मंगला ताटावरून उठली, पदर पुढे ओढून तिने आढ्याकडे हात केला आणि पोपट दोन दिवसांत पहिल्यांदा खाली आला. ती त्याला घेऊन दाराकडे निघाली. वाटेत आईचं ताट होतं. पोपट मंगलाच्या हातावरून तिरका तिरका खाली उतरला, आईच्या ताटाशी जाऊन उभा राहिला आणि मान वाकडी करून तिच्याकडे बघू लागला. ओरडला नाही की चोच मारली नाही.

रोटाच्या सोवळ्यात साऱ्या भाऊबंदकीत माझ्या आईइतकं कडक कुणी नाही. तिने पुरणपोळीचा तुकडा मोडला, खिरीत बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

"खाय."

पोपटाने तो पायात धरला आणि खाल्ला. काकांचा घास हातातच राहिला.

"वयनी! रोट शे तो!"

"माले माहीत शे. मीच रांधेल शे."

"पन रोट मोजेल शे घरना माणसेसना नावना. ह्याना नावनी मूठ कोठे शे?"

"मन्हा नावनी कोठे शे?" आई म्हणाली.

आईने दुसरा तुकडा मोडला. तिचा आवाज चढला नव्हता.

"ह्या घरमा लगीन करीसन उनू तव्हय मी बी दुसरा कुळनीच व्हतू. मन्हा नावनी मूठ तुम्ही कव्हय मोजी नही. मंगलानी बी मोजी नही. सासूनी मन्हापुढे तिना ताटमातला घास धरा, तो मी खाधा, आनि मी ह्या घरनी व्हयनू. तव्हय माले कोनी इचारं का, बोलीसन दखाड म्हणीसन? वरीसभर मन्हा तोंडमातून शब्द निंघना नव्हता."

पंगतीत बसलेल्या आम्ही सगळ्या मोजलेल्या पुरुषांनी आपापल्या ताटात पाहिलं. चुनीलालभाईंनी एकदा आत पाहिलं, एकदा पिंजऱ्याकडे पाहिलं. ज्याच्या पोटात कानबाईचा रोट गेला तो आता कुठल्या घरचा, हे त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी रिकामा हात कपाळाला लावला. काही बोलावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण जसोदाबाईंनी पुढे होऊन त्यांच्या हातातला पिंजरा काढून घेतला आणि दार लावून टाकलं.

"चाला घर," त्या म्हणाल्या. डोळे पुसताना त्यांना पदराचं टोक सापडत नव्हतं.

मंगला अजून मधेच उभी होती. तिचा हात पोपट द्यायला म्हणून पुढे केलेला होता तो तसाच.

"तू काय उभी ऱ्हायनी?" आई तिला म्हणाली. "बठ. आते तू बी जेव."